डोह, कोंड आणि पालेगावचा ‘ल’

अंबरनाथजवळच्या पालेगावचे नाव ऐकले की शब्दांचा नाद असलेल्या माणसाला ‘पल्वल’ आठवावे, हे साहजिक आहे. पल्वल म्हणजे उथळ, छोटे, आपोआप साचलेले तळे. अमरकोशाच्या वारिवर्गात ते ‘वेशंता’च्या शेजारी बसलेले आहे. मुलूख भातखाचरांचा, पाऊस कोकणचा. मग ‘पल्वलाचे गाव ते पालेगाव’ असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. पण येथे एक साधे अक्षर आडवे येते, ते म्हणजे ‘ल’.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत येताना ‘ळ’ होतो: फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. उलट प्राकृतातला जोड ‘ल्ल’ मराठीत आपला दंत्यपणा सोडत नाही, फक्त सुटा होतो आणि मागचा स्वर लांबवतो: गल्ल-गाल, भल्ल-भाला. आता पल्वल घ्या. पाली भाषेत त्याचे ‘पल्लल’ झालेले दिसते. तेथून मराठीत उतरताना पहिल्या ‘ल्ल’चा ‘ल’ आणि शेवटच्या एकट्या ‘ल’चा ‘ळ’ व्हायला हवा, म्हणजे रूप ‘पालळ’सारखे काहीतरी असायला हवे होते. पालेगावात तो शेवटचा ‘ळ’ कोठेच नाही आणि तो गळून पडण्याचे कारणही दिसत नाही. तेव्हा पल्वलाचा नाद, थोड्या हळहळीने का होईना, सोडावा लागतो.

मग उरतात दोन दावेदार. एक ‘पल्लव’, ज्याचा ‘पाला’ झाला. दुसरा ‘पल्ली’, म्हणजे लहान वस्ती. हा दक्षिणेतल्या तिरुचिरापल्लीपर्यंत पसरलेला आणि मुळात द्राविडी असावा असा शब्द. माझा कौल पल्लीला आहे. समासाच्या शेवटी आली की तिच्या ‘प’चा ‘व’ होतो. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली ही तिचीच लेकरे मानली जातात. नावाच्या आरंभी मात्र ‘प’ शाबूत राहतो, म्हणून पाली, पाले. हे खरे असेल तर पालेगाव म्हणजे ‘गावगाव’. पहिल्या शब्दाचा अर्थ विसरला गेला, तेव्हा लोकांनी त्याला पुन्हा गाव जोडले असावे.

ओल हवी असेल तर ती शेजारी सापडते. चिखलोलीत चिखल तर उघडच आहे. पुढची ‘ओली’ ही ओलेपणाची नसून पुन्हा पल्लीचीच असावी: चिखलवल्ली, चिखलवली, चिखलोली. चिखलाचा ‘ल’ देखील ‘ळ’ झालेला नाही, कारण प्राकृतात तो ‘चिक्खल्ल’ आहे. नियम येथे कसा चोख बसतो पाहा!

हाच नियम ‘तळे’ आणि ‘तलाव’ यांचेही गोत्र सांगतो. दोन्ही ‘तडागा’चे वंशज. पैकी ‘तळे’ हे घरचे, प्राकृत ‘तलाअ’मधून रीतसर ‘ळ’ घेऊन आलेले. ‘तलाव’ने ‘ल’ राखला, म्हणजे तो उत्तरेकडून उसना आला असावा. तिकडे त्याचे ‘तालाब’ असेही रूप आहे. गुलाब, पंजाब, दोआब या शब्दांत फार्सी ‘आब’ म्हणजे पाणी बसलेलेच आहे. ते ऐकणाऱ्या कानांना तडागाच्या शेपटीतही ‘आब’ दिसले असावे. फार्सीचा विषय निघालाच आहे तर ‘चश्मा’ही पाहू. तिकडे तो पाण्याचा झरा, ‘चश्म’ म्हणजे डोळा यापासून झालेला. आपल्याकडे तो नाकावर चढला. झऱ्याला डोळा म्हणण्याची कल्पना अरबीतही आहे. ‘ऐन’ या एका शब्दात तिथे डोळाही आहे आणि झराही.

सर्वांत गोड प्रवास ‘डोहा’चा. मूळ ‘ह्रद’. हे जोडाक्षर जिभेला जड गेले असावे, म्हणून पालीने दोन उपाय केले: एकदा मध्ये स्वर घालून ‘रहद’, आणि एकदा अक्षरांची अदलाबदल करून ‘दह’. प्राकृतात ‘द्रह’ही मिळतो. मराठीचा ‘डोह’ या दुसऱ्या वाटेने आलेला दिसतो. ‘र’च्या शेजारामुळे ‘द’चा ‘ड’ झाला असावा, आणि ‘ओ’ हा जुन्या प्रथमेच्या उकाराने मागे ठेवलेला असावा. हिंदीतल्या ‘कालियादह’मध्ये तोच ‘दह’ आहे.

‘डबके’ मात्र संस्कृताच्या दाराशी नेता येत नाही. डबा, डबी, डबरा आणि डबके ही भावंडे दिसतात. सर्वांत पोकळी समान. डोळे ‘डबडबतात’ तेव्हाही तोच ध्वनी ऐकू येतो. पण हे नाते रक्ताचे की नुसत्या नादाचे, याचा निवाडा कठीण आहे.

बदलापूरजवळच्या कोंडेश्वराकडे वळू. धबधब्याखाली खोल कुंड, शेजारी शंकर. तेव्हा देवाने नाव पाण्याकडून घेतले असावे. ‘कुंड’ संस्कृत म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तेलुगूत तळ्याला ‘कुंट’ आणि तमिळमध्ये खोलगट जागेला ‘कुंटु’ म्हणतात, त्यामुळे संस्कृतनेच तो दक्षिणेकडून घेतला असण्याचा संभव आहे. रत्नागिरीकडे तर ‘कोंड’ म्हणजे वाडी, वस्ती. डोंगराच्या खोलगटात पाणी धरते आणि माणूसही तिथेच घर बांधतो, म्हणून एकच नाव दोघांना पुरले असावे. ‘कोंडणे’ हे क्रियापदही मला याच घरातले वाटते, मात्र त्यासाठी अजून पुरावा हवा.

आणि वालधुनी? अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाला लागून वाहणारी, पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळणारी ही नदी. ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदीच. पण ‘पानीय’चे ‘पाणी’ करणाऱ्या मराठीने ‘धुनी’चे ‘धुणी’ करायला हवे होते. ‘न’ टिकला, त्या अर्थी हे नाव पंडिती असावे. ‘वाल’चा वाळूशी संबंध लावावा तर ‘वालुका’चा ‘ल’ वाळूत ‘ळ’ झालेला आहे. उरतो ‘वल्ल’, म्हणजे शेतातला वाल. पंडिती शेपटी आणि शेतातले डोके एका नदीला कसे जुळले, ते मला उलगडलेले नाही. वाचकांपैकी कोणाकडे जुन्या दस्तऐवजातले या नावाचे वेगळे रूप असेल, तर गाठ तिथूनच सुटेल.