द्यायचं, पण हिशेबानं: बुद्धिबळातल्या बळीची गोष्ट

शह, काटशह, मात, प्यादं हे शब्द आपल्या बोलण्यात रोज येतात. निवडणुकीच्या गप्पा तर त्यांच्याशिवाय पुऱ्याच होत नाहीत. पण हे शब्द ज्या पटावरून आले, त्या पटावर बाईला बसायला जागा कधी मिळाली? आज आपण हे पाहू, आणि त्याबरोबर बुद्धिबळातली सर्वांत धीट चालही पाहू. तिला 'बळी' म्हणतात. आपलंच मोहरं जाणूनबुजून समोरच्याच्या तोंडी द्यायचं, म्हणजे बळी.

हा खेळ आपल्याकडचा. चतुरंग या नावानं तो भारतातून इराणला गेला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. जुन्या खेळात वजीर अगदी दुबळा होता. तिरपं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला लांबवर चालण्याचं बळ मिळालं. तिकडे या मोहऱ्याला राणी म्हणतात. म्हणजे पटावरचं सगळ्यांत ताकदवान मोहरं तिकडे बाई आहे, आणि आपण मात्र त्याला अजून वजीरच म्हणतो!

त्या जुन्या खेळातली दिलारामची दंतकथा ऐका. तिच्या नवऱ्यानं खेळताखेळता सगळं घालवलं आणि शेवटी बायकोलाच पणाला लावलं. आपल्याला द्रौपदी आठवणारच. हाही डाव हरायला आला होता. दिलाराम पट बघत होती. तिनं नवऱ्याला सुचवलं, की दोन्ही हत्ती दे, पण मला वाचव.

हा डाव मध्ययुगीन अरबी हस्तलिखितांत आहे. तो असा चालतो. पहिला हत्ती कोपऱ्यात जाऊन शह देतो आणि राजा त्याला मारतो. मग उंट उडी मारून बाजूला होतो (तेव्हा उंट तिरपी दोन घरं उडी मारायचा) आणि त्याच्या मागं दडलेल्या दुसऱ्या हत्तीचा शह उघडा पडतो. राजा सरकतो. आता दुसरा हत्तीही त्याच कोपऱ्यात जातो आणि राजा तोही मारतो. मग साधं प्यादं एक घर पुढं जाऊन शह देतं, आणि शेवटी घोडा मात करतो. त्या काळी हत्ती हेच सर्वांत मोठं मोहरं. दोन्ही मोठी मोहरी दिली, आणि जिंकून दिलं ते प्याद्यानं आणि घोड्यानं.

नाशिक जिल्ह्यातल्या बायकांना यात नवल वाटू नये. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते तेव्हा बाग उघडीबोडकी दिसते. नवख्याला वाटेल, बाग गेली. पण त्यातूनच पुढच्या मालाच्या काड्या तयार होतात. घडांची विरळणी करतानाही आपण मणी काढून टाकतो, ते राहिलेले मणी फुगावेत म्हणून. बळी असाच असतो. काय दिलं आणि किती चालींनी काय परत येणार, हे आधी मोजलेलं असतं. ते मोजलं नाही, तर तो बळी नाही, नुसतं नुकसान.

नाशिकच्याच विदित गुजराथीचं उदाहरण घ्या. 2023 साली आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिलाच डाव हरला, तरी शेवटी स्पर्धा जिंकला. त्यामुळे 2024 च्या एप्रिलमध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याला जागा मिळाली. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, ते या स्पर्धेत ठरतं. तिथं दुसऱ्याच फेरीत त्यानं अमेरिकेच्या हिकारू नाकामुराच्या राजासमोरच्या प्याद्यावर आपला उंट झोकून दिला आणि डाव जिंकला. प्याद्यासाठी उंट देणं हा वरवर तोट्याचा सौदा. पण राजापुढची भिंत फुटली, की त्या तोट्याची भरपाई होते.

आता बायकांच्या जागेबद्दल. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढची बरीच वर्षं हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्याच घरात होतं. 1976 साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेतून अडवता येणार नाही. 1981 मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. आणि 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी इथं कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

मैत्रिणींनो, त्याग हा शब्द आपल्याला नवा नाही. शिक्षण सोडलं, ताटातलं दिलं, जमिनीवरचं नाव सोडलं. बहुतेक वेळा ते कुणीतरी आपल्याकडून घेतलं आणि त्याला त्याग असं नाव दिलं. बुद्धिबळातला बळी खेळणारा स्वतः ठरवतो, मोजून ठरवतो, जिंकण्यासाठी ठरवतो. दिलाराम तर स्वतःच पणाला लागलेली होती. तरी काय द्यायचं आणि काय नाही, हे तिनं पट वाचून सांगितलं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एक पट आणा. वहीचा हिशेब झाला, की मुलींना बोलवा आणि मोहरी मांडा. कुणी मोहरं द्यायला निघाली, की तिला एकच विचारा: बाई, हे दिल्यावर तुला काय मिळणार? पटावर हे विचारायची सवय लागली, तर ती घरीही उपयोगी पडेल.