विडीचा नियम आणि धोट्याचा दोरा

मुंबईच्या कापडगिरण्यांत खात्यात विडी ओढायला मनाई असे. कापसाच्या तुसाला एक ठिणगी पुरते. हा नियम लिहिलेला होता. मोडणाऱ्याला दंड होई. 1936 च्या वेतन कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि तो पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करण्याचे बंधन आणले.

पण त्याच गिरणीत दुसरा एक नियम होता, तो कुठेच लिहिलेला नव्हता. साचेखात्यात कांडी बदलली की दोरा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे. अस्पृश्याच्या उष्ट्या दोऱ्याने आपण बाटू, असे सवर्ण विणकर म्हणत. म्हणून जास्त पगाराचे साचेखाते आपल्या माणसांना बंद! त्यांनी रिंगखात्यात राबायचे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला.

2008 पासून देशभर कामाच्या जागी धूम्रपानबंदीची पाटी लावणे मालकाला भाग आहे. ते योग्यच. लिहिलेल्या नियमाला मर्यादा घालता येते, त्याविरुद्ध दाद मागता येते. न लिहिलेला नियम आधी उघडा पाडावा लागतो. गिरणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दंडाच्या वह्या जरूर तपासाव्यात; पण जो दंड कुठल्याच वहीत चढला नाही, त्याचा हिशेब कोण मांडणार?