नोंदवहीतले उंदीर

कऱ्हाडच्या कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्थेतून किंवा सांगलीच्या आप्पासाहेब बिरनाळे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून निघालेला, औषधाचा प्राण्यांवरचा परिणाम तपासणारा एखादा शोधनिबंध उघडावा. ‘साहित्य व पद्धती’ या मथळ्याखाली दोन-तीन ओळी बहुधा ठरलेल्या असतात: उंदरांची जात, वजन, दर गटात किती आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. वाचणारा त्या ओलांडून थेट निष्कर्षाकडे जातो. इतिहास शोधणाऱ्याने मात्र तिथेच थांबावं.

या ओळींचं मूळ 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आणलेलं खासगी विधेयक नेहरूंच्या आश्वासनावर मागे घेतलं गेलं आणि त्यातून पुढे सरकारी कायदा आला. त्याचं चौथं प्रकरण प्रयोगांचं. प्रयोगांना त्यात मुभा आहे. पण केवळ हात बसावा म्हणून प्राणी वापरू नयेत आणि योग्य नोंदी ठेवाव्यात, असंही ते सांगतं. देखरेखीची केंद्रीय समिती 1964 मध्ये नेमली गेली. संस्थांची नोंदणी आणि समितीकडे पाठवायचे अहवाल यांची स्पष्ट तरतूद कायद्यात शिरली ती 1982 च्या दुरुस्तीने. नियम मोडल्यास दंड कमाल 200 रुपये! एवढ्या दंडाला कोण भीक घालणार?

हात बसवण्याबद्दलचं कलम तर पन्नास वर्षं जवळजवळ कागदावरच राहिलं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतली बेडकांची चिरफाड टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वं विद्यापीठ अनुदान आयोगाने काढली ती 2011 मध्ये.

खरा कागद सुरू होतो या कायद्याखालच्या 15 डिसेंबर 1998 च्या नियमांपासून. फॉर्म ए नोंदणीचा, बी परवानगीचा, सी पैदाशीच्या नोंदीचा, डी प्रयोगांच्या नोंदीचा. यांतला बी सर्वांत बोलका. प्राणी कोणता, किती, कुठून आणणार, तोच का आणि तेवढेच का, भूल कशी देणार, शेवटी त्याचं काय करणार, हे सगळं संशोधकाने आधीच लिहून द्यायचं. उंदीर-सशांपुरता निर्णय संस्थेची समिती घेते, पण तिच्यात केंद्रीय समितीचा प्रतिनिधी बसतो. कुत्र्या-माकडांचा प्रस्ताव असेल, तर तो केंद्रीय समितीकडेच जातो. डी मध्ये प्राणी कुठून आले, किती होते, परवानगी कोणती आणि प्रयोग कुणी केला याची नोंद होते.

अमेरिकेच्या कायद्यात संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर आणि पक्षी ‘प्राणी’ या व्याख्येतच बसत नाहीत, त्यामुळे तिथल्या सरकारी वार्षिक आकड्यांत ते येत नाहीत. आपल्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो; इथे आपली बाजू निःसंशय सरस. पण ब्रिटनमध्ये 1876 च्या कायद्याखालच्या प्रयोगांचे वार्षिक तक्ते संसदेपुढे येत आणि छापले जात. आपल्या कायद्याने नोंदी ठेवायला सांगितल्या, बेरीज छापायला सांगितलेली नाही. माझ्या मते ही उणीव 200 रुपयांच्या दंडाहून मोठी.

म्हणून शोधनिबंधांवरून हिशेब मांडावा लागतो, आणि तो लंगडा असतो. समजा, पाच गट आणि दर गटात सहा उंदीर, म्हणजे 30. त्याआधी औषधाची विषारी मात्रा तपासताना, प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे एका टप्प्याला तीन या हिशेबाने वापरलेले उंदीर त्या तिसांत असतीलच असं नाही. पैदाशीत जन्मून प्रयोगात न आलेले तर निबंधात दिसायचं कारणच नाही. जो प्रयोग छापलाच गेला नाही, त्यातले उंदीर फक्त डी मध्येच सापडणार. ती नोंद पाहायची तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो: मिरजेसारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे थेट, आणि खासगी संस्थेबद्दल केंद्रीय समितीकडे.