गाडी डावीकडे ओढते, मग दोष कोणाचा?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून ठेवतेय. आजचा विषय आहे ब्रेकचा इतिहास. पण सुरुवात करूया ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सकाळपासून.

जून महिना होता, रस्ता ओला होता. मी नानांची, म्हणजे माझ्या आजोबांची, १९८६ सालची पद्मिनी चालवत होते. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे घुसली. तिथे स्कूटरवर एक बाई होत्या आणि मागे गणवेशातला मुलगा. मध्ये वीतभर अंतर राहिलं. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पुरे झालं, भंगारात द्या." पुनर्नोंदणी तोंडावर आली होती, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणीही. नाना काही बोलले नाहीत. चावी घेतली आणि देवघराच्या खणात ठेवून दिली.

मी गाडी जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. डावीकडे ओढते म्हटल्यावर त्यांनी डावं पुढचं चाक उघडलं, नवे लायनर बसवले, बिल दिलं. गाडी पहिल्यापेक्षा जास्त डावीकडे ओढायला लागली! असं का झालं, हे कळायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारा एक डबा आणि आतून त्याला घासणारे दोन शू, एवढीच कल्पना. पुढच्या चाकांना ब्रेक लावायला मात्र लोक घाबरायचे, आणि ती भीती अगदीच खुळी नव्हती. तेव्हा पेडलपासून चाकापर्यंत जोर न्यायचा तो सळया आणि तारांनी. एक तार जराशी सैल पडली की एक चाक आधी धरणार आणि दुसरं मागून. पुढच्या चाकांत असं झालं, तर गाडी वळलीच म्हणून समजा. म्हणजे ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणं हा काही आमच्या पद्मिनीचा नखरा नाही. हा मोटारीचा सगळ्यात जुना आजार आहे.

त्यावरचं औषध शाळेच्या पुस्तकात होतं. पास्कलचा नियम आठवतो? बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी हाच नियम ब्रेकला लावला. विमानांच्या लॉकहीड कंपनीचे ॲलन लॉकहीड हे त्यांचे भाऊ. तारांच्या जागी तेलाच्या नळ्या आल्या. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल ए या महागड्या गाडीला चारही चाकांना असे ब्रेक होते. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते पुष्कळ स्वस्त गाडीत आणले. हेन्री फोर्ड मात्र सळया-तारांवरच अडून बसले. त्यांच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक मिळायला १९३९ चं मॉडेल उजाडावं लागलं.

इथे आपला संबंध येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तेव्हा त्यांचा पहिला करार याच क्रायस्लरशी होता. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ तयार झाल्या. मग फियाट आली, आणि फियाट ११०० चीच पुढे पद्मिनी झाली. आमच्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम आहेत आणि चारही ठिकाणी तेलाचाच दाब जातो.

मग दाब जर सारखा, तर गाडी ओढते कशी? कारण पास्कल फक्त दाबाची हमी देतो, घर्षणाची नाही. त्यात ड्रम ब्रेकची एक खोड आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आणखी आत ओढून घेतो. त्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक मिळतो, पण डाव्या-उजव्यातला थोडासा फरकही मोठा होऊन बसतो. डिस्क ब्रेकमध्ये असं ओढून घेणं नसतं. १९५३ मध्ये जग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावून जिंकली, आणि त्यानंतर ड्रमचे दिवस हळूहळू भरत गेले.

आता परत ठाण्यात येऊ. नानांनीच एक नाव सुचवलं. पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांचं काम करणारे एक मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ मध्ये त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर मिस्त्रींचं गिऱ्हाईकही गेलं.

त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी प्रश्न विचारले. ब्रेक न मारता गाडी ओढते का? नाही. (ओढत असती, तर आधी टायर आणि अलाइनमेंट बघायचं.) पाण्यातून गेल्यावरच ओढते का? नाही, कोरड्या रस्त्यावरही. (एका ड्रममध्ये पाणी गेलं तरी तो सुकेपर्यंत गाडी ओढते.) मग त्यांनी दोन्ही टायरांची हवा सारखी केली, पुढची चाकं जॅकवर घेऊन हलवून बघितली. सांधे ढिले असले, तर ब्रेकच्या धक्क्याने चाकाची दिशाच बदलते. आमचे घट्ट होते.

मग गल्लीतून सावकाश एक फेरी मारली, सात-आठ वेळा ब्रेक दाबला आणि परत आलो. मिस्त्रींनी तळहात ड्रमच्या जवळ नेला, टेकवला नाही. तुम्हीही टेकवू नका, भाजेल. डावा तापला होता. उजवा गार.

"बेटा, जो काम करतोय त्यालाच तुम्ही धरलंत," ते म्हणाले.

नावेत बसून डावं वल्हं पाण्यात घट्ट धरून ठेवा, नाव डावीकडेच वळते. गाडीचंही तसंच आहे. बहुतेक वेळा ती ओढते त्या बाजूचा ब्रेक धरत असतो आणि समोरच्या बाजूचा झोपलेला असतो. गॅरेजवाल्यांनी धरणाऱ्या चाकाला नवे लायनर देऊन आणखी जोर दिला होता!

उजवा ड्रम उघडला. लायनर कोरडे होते, म्हणजे तेल गळत नव्हतं. रबरी होज आतून फुगली तरी चाकाला तेल उशिरा पोचतं. पण मग पेडल सोडल्यावरही चाक अडकून राहतं आणि निपल उघडला की मोकळं होतं. आमचं चाक मोकळंच फिरत होतं. दोष व्हील सिलिंडरमध्ये सापडला. पिस्टन गंजून जागीच चिकटला होता. लॉकडाउनमध्ये गाडी दोन वर्षं उभी होती, आणि ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. दाब उजवीकडेही पोचत होता, पण तो घेणारा पिस्टनच हलत नव्हता.

उजवीकडे नवा सिलिंडर बसवला. डावीकडचाही बदलला, आणि लायनर दोन्हीकडे एकाच जातीचे लावले. ब्रेकचं काम जोडीनेच करायचं, हा मिस्त्रींचा नियम. जुनं तेल काढून नवं भरलं, एअर काढली.

रविवारी रिकाम्या मैदानात नाना शेजारी बसले. वीसच्या स्पीडला मी हात स्टिअरिंगवर नुसते ठेवले आणि ब्रेक दाबला. मग तीसला. खाली उतरून मातीत बघितलं, तर टायरच्या दोन रेघा सरळ होत्या.

फिटनेस झाली. आई अजून त्या गाडीत बसत नाही, आणि मी तिला आग्रहही करत नाही. ती वीतभर जागा मलाही आठवते. चावी मात्र देवघरातून परत दाराजवळच्या खिळ्यावर आली आहे.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं ते आज विचारा. आणि गाडी ओढत असेल, तर मेकॅनिकला दोन्ही चाकं उघडायला सांगा. भेटू पुढच्या भागात!