मांडूचा गायक सुलतान

धार शहरातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता माळव्याच्या काळ्या रानातून सुमारे 35 किलोमीटर चालून काकडा खोहच्या दरीशी येतो, आणि तेथून एकामागून एक दरवाजे ओलांडून प्रवासी मांडूच्या पठारावर पाऊल ठेवतो, तेव्हा कोणत्याही मनोऱ्याआधी त्याच्या दृष्टीस पडतात ती गोरखचिंचेची झाडे: हत्तीच्या अंगासारखी करडी, अवाढव्य खोडे, आणि मुळेच आकाशात रोवावीत तशा आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. आफ्रिकेतून आलेल्या या झाडाचे लवदार कवचाचे फळ रस्त्याच्या कडेला विकावयास मांडलेले असते. ते फोडले की आतून पांढरा, कोरडा, आंबट गर निघतो. परमुलखातून आलेले बीज या मातीत इतके रुजले, की लोक त्याला मांडूचीच चिंच म्हणतात. परक्याला आपलेसे करण्याचा हा गुण मांडूच्या इतिहासातही आढळतो, आणि त्याचा सर्वांत हृद्य दाखला म्हणजे माळव्याचा सुलतान बाजबहादूर.

माळव्याच्या सुलतानांनी या गडाला शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, असे नाव दिले होते. 1469 साली तख्तावर आलेल्या गियासुद्दीनाने राज्याचा कारभार मुलाच्या हवाली करून स्वतः भोग आणि कला यांत आयुष्य घालवले. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर उभा असलेला जहाज महाल पावसाळ्यात दोन्ही तलाव भरले म्हणजे खरोखरच नांगर टाकलेल्या गलबतासारखा दिसतो. त्याच्या गच्चीवर गाणे-बजावणे चालत असेल तेव्हा स्वर पाण्यावरून किती दूर जात असतील, याची कल्पना आजही तेथे उभे राहून करता येते. गायिका, वादक आणि नर्तकी यांचे मोठे ताफे पदरी बाळगण्याची ही रीत मांडूच्या दरबारात मुरलेली होती. बाजबहादुराने ती निर्माण केली नाही, ती त्याला वारशाने मिळाली.

1542 साली शेरशहाने माळवा जिंकला आणि पुढे तो सुभा शुजातखानाच्या ताब्यात आला. 1555 साली शुजातखान वारल्यावर त्याचा मुलगा मलिक बायजीद भावांना बाजूस सारून स्वतंत्र झाला आणि त्याने बाजबहादूर हा किताब धारण केला. या भाऊबंदकीत भावाचे रक्त सांडले होते, हे विसरून चालणार नाही. कलेचे प्रेम मनुष्याला आपोआप सात्त्विक करते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. गोंडवनावर त्याने स्वारी केली, तेव्हा राणी दुर्गावतीने त्याच्या फौजेची अशी दाणादाण उडवली, की पुढे त्याने तलवारीपेक्षा तंबोऱ्यावरच अधिक भिस्त ठेवली. इतिहासकार बदायुनी सांगतो की सूर घराण्यातील आदिलशहा हा संगीतात मोठा प्रवीण होता आणि बाजबहादूर ही विद्या त्याच्याकडे शिकला. प्रेयसी रूपमतीशी त्याचा झालेला ऋणानुबंध हाही स्वरांचाच. तिची कथा अहमद-उल-उमरी याने 1599 साली फारसीत लिहून ठेवली, आणि दोघे घोड्यांवर बसून रात्रीच्या वाटेने निघाली आहेत, असे चित्र पुढे मोगल, राजस्थानी आणि पहाडी चितारी पुनःपुन्हा काढीत राहिले.

1561 सालच्या मार्च महिन्यात अकबराचे सरदार आधमखान आणि पीर महंमद सारंगपुरावर चालून आले. लढाई फार वेळ टिकली नाही. बाजबहादूर खानदेशाकडे पळाला. खजिना, हत्ती, जनानखाना आणि जिच्यासाठी त्याचा दरबार सर्व हिंदुस्थानात नावाजला होता ती गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची मंडळी, हे सारे शत्रूच्या हाती पडले. रूपमतीने विष घेऊन देह ठेवला, असे परंपरा सांगते. लुटीतील नर्तकींचा आधमखानाला इतका लोभ सुटला, की बादशहाकडे रवाना करावयाचा ऐवज त्याने दडपला आणि खुद्द अकबराला आग्र्याहून धावत यावे लागले. म्हणजे ज्या मेळाच्या मध्यभागी बसून बाजबहादूर गात असे, तो मेळ लुटीच्या जिनसांत मोजला गेला, वाटला गेला आणि कायमचा मोडला.

1562 साली नर्मदेत बुडून पीर महंमद मेला, तेव्हा बाजबहादुराला काही महिने माळवा परत मिळाला. परंतु अब्दुल्लाखान उझबेगाने त्याला पुन्हा हुसकावले. यानंतरची आठ वर्षे त्याने दारोदार काढली. कधी मेवाडच्या राणा उदयसिंहाचा आश्रय, कधी दुसऱ्या कोणाचा. अखेर 1570 साली तो अकबराच्या खिदमतीत रुजू झाला. ऐन-इ-अकबरीत त्याचे नाव दोन ठिकाणी आढळते. एक यादी मनसबदारांची. तीत तो हजारी मनसबदार आहे, आणि स्वतःच्या नावाची नाणी पाडलेल्या पुरुषाला शेकडो नावांच्या गर्दीत मिळालेली ही जागा पाहून मन खिन्न होते. दुसरी यादी दरबारातील छत्तीस गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची. तिच्या अग्रभागी तानसेन आहे, आणि थोड्याच अंतराने माळव्याचा हा माजी अधिपती येतो, अद्वितीय गायक या शेऱ्यासह. मनसब बादशहाच्या मर्जीने मिळाली. दुसऱ्या यादीतील ती जागा मात्र कोणाच्या मेहरबानीची नव्हती.

संगीत ही संगतीची कला आहे. साथीदार, शिष्य, ऐकणारे आणि पोशिंदे यांच्या मेळातच ती वाढते, म्हणून त्या मेळातून बाहेर पडलेल्या कलावंताचे पुढे काय होते हा प्रश्न सर्व काळी आणि सर्व देशी उभा राहतो. इंग्लंडातील प्रोग्रेसिव्ह रॉक या पंथाच्या जेनेसिस नावाच्या मंडळीतील गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याला आपल्या रचनांसाठी मंडळीत पुरेशी जागा उरली नाही असे वाटू लागले; 1975 साली त्याने आपली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली आणि 1977 साली तो मंडळीतून बाहेर पडला. पुढे त्याने अनेक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केल्या. परंतु 1996 साली त्याच जुन्या मंडळीच्या रचना त्याने नव्याने बांधून सादर केल्या, हे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. मंडळी सुटली तरी तिने दिलेले स्वर सुटत नाहीत. ते हातात उरतात आणि एकट्याने वाजवताना त्यांचा अर्थ बदलतो. बाजबहादुराने स्वेच्छेने काही सोडले नव्हते, त्याच्याकडून ते हिसकावून घेतले गेले. तरीही अकबराच्या दरबारात प्रथम गाण्यास बसताना मांडूच्या मैफिलींतलेच स्वर त्याच्या कंठात असणार, आणि त्या स्वरांच्या मागेपुढे आता कोणीच नसणार.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर मांडूपासून काही मजलांवर, देवासात मिळाले. मराठी सत्ता माळव्यात स्थिरावल्यावर धार आणि देवास ही पवार घराण्याची ठाणी झाली, मांडूचा ओसाड गड धार संस्थानात मोडू लागला, आणि मराठी गाणे, कीर्तन व कविता यांनी या मुलखात घर केले. देवासच्या दरबाराने रजबअली खाँसारखा गवई सांभाळला. त्या देवासात जानेवारी 1948 मध्ये कुमार गंधर्व क्षयाने खंगलेल्या देहाने राहावयास आले. मुंबईत प्रो. बा. र. देवधरांच्या हाताखाली तयार झालेला, बालवयापासून मैफिली गाजवलेला हा गवई. डॉक्टरांनी त्याला गाण्याची सक्त मनाई केली. मैफल, साथीदार, श्रोते, सारे सुटले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येत ती रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी. तीन-चार स्वरांच्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली, आणि पाचएक वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा आजाराने एक फुप्फुस निकामी झालेल्या त्या गवयाचे गाणे पूर्वीचे राहिले नव्हते. लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार, संजारी असे राग सिद्ध केले, आणि 1965 साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या रचना लोकांपुढे ठेवल्या. बाजबहादुराने मेळ गमावूनही कंठ राखला. कुमारांनी कंठावरचे संकट सोसून नवा मेळ जोडला, आणि तो मेळ जात्यावर, शेतात, लग्नघरात गाणाऱ्या निनावी स्त्रियांचा होता.

मांडूला गेलेला मराठी माणूस शेवटी रेवाकुंडाच्या बाजूने चढून रूपमतीच्या छत्रीपाशी जातो. खाली निमाडचे मैदान पसरलेले असते, आणि हवा स्वच्छ असली तर क्षितिजापाशी नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. कुंडाच्या वरच्या अंगाला एक वाडा आहे: मधोमध चौक, चौकात हौद, गच्चीवर दोन बारादऱ्या. दरवाजावरील फारसी शिलालेख सांगतो की हा वाडा सुलतान नासिरुद्दीनाने बांधला, 1508 च्या सुमारास, म्हणजे बाजबहादूर गादीवर येण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी. लेख जागेवर आहे, आणि वाचणारे तो वाचतातही. पण गडावरच्या कोणालाही वाट विचारा, गुराख्याला विचारा, चिंचा विकणाऱ्या बाईला विचारा; ती हात वर करून दाखवते आणि म्हणते, तो पाहा, बाजबहादुराचा महाल.