एएलएस : रुग्णांच्या नोंदींनी लिथियमबद्दल काय सांगितलं?

एएलएस म्हणजेच अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस. यात स्नायूंवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. चालणं, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास घेणंही कठीण होतं. बुद्धी मात्र बहुतेकदा शाबूत असते. आजार बरा करणारं औषध अजून नाही. त्यामुळे पोटात नळी कधी बसवायची, श्वासाचं मशीन कधी लावायचं, हे रुग्ण एकमेकांना विचारतात.

अनुभवांची नोंद

अमेरिकेतल्या स्टीफन हेवूड यांना १९९८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी एएलएसचं निदान झालं. त्यांच्या भावांनी एका मित्रासोबत २००४ मध्ये 'पेशंट्सलाइकमी' सुरू केलं. इथे रुग्ण औषधं, डोस आणि लक्षणांची नोंद ठेवतात.

लिथियमचं काय झालं?

लिथियममुळे एएलएसचा वेग मंदावतो, असा दावा २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने केला. मोठ्या चाचणीची वाट पाहण्याइतका वेळ अनेकांकडे नव्हता. त्यांनी लिथियम सुरू केलं आणि तब्येतीतले बदल नोंदवले. संशोधकांनी अशा १४९ जणांची तुलना त्यांच्यासारखाच आजार असलेल्या ४४७ रुग्णांशी केली. १२ महिन्यांनंतरही आजाराच्या वेगात फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०११ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आला. वैद्यकीय चाचण्यांमध्येही एकंदर रुग्णांना फायदा दिसला नाही.

मग मिळालं काय?

अशा नोंदी शास्त्रीय चाचणीची जागा घेत नाहीत. पण हाती मोजके दिवस असलेल्या पुढच्या रुग्णासाठी 'याचा उपयोग नाही' हे वेळेत कळणं, हीसुद्धा मोठी मदत असते.