निसटलेली तार आणि भरकटलेले जहाज

समुद्राचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आरमारे, जलदुर्ग आणि लढाया उभ्या राहतात. परंतु तारेच्या एका सांध्यालाही इतिहास असू शकतो, आणि तो पंधराशे माणसांच्या जिवाशी निगडित असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. असा एक इतिहास आम्ही आज ज्ञातिबांधवांच्या सेवेस सादर करीत आहोत. ज्यांच्या घरचे तांडेल आणि खलाशी जीपीएस घेऊन दर्यावर जातात, त्यांना तो परका वाटणार नाही.

पूर्वी नौकेवरील प्रत्येक साधन स्वतंत्र असे. होकायंत्र दिशा सांगे, वेगमापक वेग सांगे, आणि दोहोंचा मेळ घालणे हे नाखव्याच्या बुद्धीचे काम असे. पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली आणि त्यांनी परस्परांशी बोलावे अशी गरज उत्पन्न झाली. पण निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे निरनिराळी बोली बोलत. तेव्हा अमेरिकेतील सागरी इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८३ साली 'एनएमईए ०१८३' ही समान बोली ठरवून दिली. तिचा नियम साधा आहे : एका तारजोडीवर एकाच यंत्राने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि दोहोंचा वेग, सामान्यतः सेकंदाला ४८०० बिट, एकच असावा. आपण पाठविलेले स्थान ग्राह्य आहे की नाही, याची खूणही बोलणाऱ्या यंत्रास पाठविता येते. मात्र ऐकणाऱ्याने ती खूण वाचलीच नाही, तर काय होते?

या प्रश्नाचे उत्तर 'रॉयल मॅजेस्टी' नामक प्रवासी जहाजाने दिले. ९ जून १९९५ रोजी दुपारी १२ वाजता हे जहाज बर्म्युडा बेटाच्या सेंट जॉर्जेस बंदरातून बोस्टनकडे निघाले. जहाजावर प्रवासी व कर्मचारी मिळून १५०९ माणसे होती. निघाल्यावर तासाभराच्या आतच जीपीएसच्या ॲन्टेनाची तार सांध्यातून निसटली. ती तार छतावर उघडीच टाकलेली होती; येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिच्यात अडकण्यासारखा होता.

उपग्रहांचा संकेत तुटताच जीपीएस यंत्राने सेकंदभर बारीक आवाज केला आणि ते अदमासाने स्थान काढू लागले. अर्थात् दिशा व वेग यांवरून नुसते गणित मांडू लागले. वारा आणि प्रवाह जहाजास पश्चिमेकडे रेटीत होते, ते या गणितात धरलेले नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात तशी सूचना होती, पण अक्षरे अगदी बारीक. यंत्राने आपले स्थान अग्राह्य असल्याची खूणही पाठविली. परंतु सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित यंत्र ती खूण वाचण्यासाठी बनविलेलेच नव्हते. ते आपल्या परीने ताळा पाही, पण त्याचा ताळाही त्याच होकायंत्रावर व त्याच वेगमापकावर आधारलेला होता. एकाच चुकीच्या दोन प्रती एकमेकींशी जुळल्या. इशारा झाला नाही.

माणसांनाही संधी मिळाल्या होत्या. लोरान-सी नावाचे दुसरे स्थानदर्शक यंत्र जहाजावर होते, पण दोहोंची तुलना केली गेली नाही. रडारवर एक बोया अपेक्षित वेळी, अपेक्षित दिशेस दिसला. तो आपल्या मार्गावरचाच, असे अधिकाऱ्याने गृहीत धरले. वस्तुतः तो निराळा होता. पुढचा बोया प्रत्यक्ष न दिसताच 'दिसला' असे कप्तानास सांगण्यात आले. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा इशारा शून्य मीटरवर लावलेला होता. म्हणजे तो असून नसल्यासारखाच. १० जून रोजी रात्री १०च्या सुमारास पुढे निळसर-पांढरे पाणी दिसते, असे पहारेकऱ्यांनी कळविले, तरीही मार्ग बदलला गेला नाही. १० वाजून २५ मिनिटांनी जहाज नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेस सुमारे १० मैलांवर वाळूच्या उथळावर रुतले. जेथे आपण आहोत असे अधिकारी समजत होते, तेथून ते स्थान १७ मैल दूर होते.

सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी टग-बोटींनी जहाज मोकळे केले. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने १९९७ साली आपल्या अहवालात स्वयंचलित यंत्रणेवरील अतिविश्वासावर बोट ठेवले.

आमच्या मते या इतिहासातील बोध लहान होडीसही तितकाच लागू आहे. यंत्रांचे आपसांत जुळेनासे झाले की नवे यंत्र घेण्यापूर्वी ॲन्टेनापासून डब्यापर्यंत तार हाताने चाचपीत यावे. सांध्यावर खारे पाणी चढून हिरवा गंज धरला आहे काय, दोन तारांची अदलाबदल झाली आहे काय, एकाच जोडीवर दोन यंत्रे बोलत आहेत काय, दोहोंचा वेग एक आहे काय, हे क्रमाने पाहावे. एआयएसचे यंत्र सामान्यतः ३८,४०० च्या वेगाने बोलते. ४८०० ने ऐकणाऱ्यास ते कळणार कसे? आणि सर्व काही सुरळीत दिसत असताही एका यंत्राचा ताळा दुसऱ्या, स्वतंत्र साधनाशी पाहावा.

मुकी झालेली यंत्रे तितकी घातक नसतात. ती आपला दोष उघड करतात. घातक ते यंत्र, जे तार तुटल्यावरही शांतपणे बोलत राहते. आपल्या वाडवडिलांपाशी उपग्रह नव्हते, पण पाण्याचा रंग पालटताच सुकाणू वळविण्याची सवय होती. नवी साधने आपण अवश्य घ्यावीत. ती जुनी सवय मात्र किनाऱ्यावर ठेवून जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.